बिरूचा खुराक

“माझ्या पैलवानाला पांढरं पाणी पाजतंय ते कोण हाय? म्होरं या जरा!”

आयसीयूच्या बंद दारातून हा आवाज आत आला, तेव्हा मी एका पेशंटच्या नळीशी वाकलेले होते. सिस्टर लोंढे म्हणाल्या, “जा, तुमचंच बोलावणं दिसतंय.”

बाहेर आले तर सत्तरीचा एक धिप्पाड म्हातारा. पांढरं धोतर, डोक्याला पटका, दोन्ही कान चेपून गोळा झालेले, आणि हातात झाकणाची किटली. आमचा वॉचमन त्याला हुसकावायचं सोडून त्याच्यासाठी खुर्ची हुडकत होता, कारण वॉचमन कुस्तीचा वेडा आणि समोर साक्षात हिंदुराव वस्ताद उभे. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कुणीतरी दवाखान्यात आरडाओरडा करतंय, एवढंच मला दिसलं.

“मीच पाजते पांढरं पाणी,” म्हटलं. “काय म्हणणं आहे आपलं?”

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. तेव्हा मी इतकी काटकुळी होते की ओढणीसुद्धा खांद्यावर ठरायची नाही.

“तुमी?” ते म्हणाले. “रागावू नका बाई, पर तुमालाच घरात कुणी जेवाय घालत न्हाई असं दिसतंय.”

वॉचमन फिसकन हसला. मीही हसले असते, पण नोकरी नवी होती आणि अंगात शिकल्याची रग होती.

“आजोबा, हा दवाखाना आहे.”

“आजोबा न्हवं. वस्ताद.”

“बरं, वस्ताद. किटलीत काय आहे?”

“थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, म्हशीचं आटीव दूध, आन् वरनं लोणकढं तूप. मिसरूड फुटायच्या आदीपासनं बिरू माझ्याच हातची पितोय. तुमी नळीनं पाजताय न्हवं? मग ही पाजा की. पाणी कशापायी?”

“ही नळीतून घातली तर तुमचा बिरू दोन दिवसांत मरेल,” मी म्हणाले.

असं बोलायचं नसतं नातेवाइकांशी. पण मी पहिल्यापासून फटकळ, आई म्हणायची तुझ्या जिभेला हाड नाही. वस्ताद वॉचमननं आणलेल्या खुर्चीत बसले आणि मान वर करून म्हणाले, “का?” त्या विचारण्यात राग नव्हता, म्हणून मीही शेजारच्या बाकावर टेकले.

बिरू कोळेकर हा धनगराचा पोर. बाप लहानपणीच गेलेला. वस्तादांनी त्याला तालमीत आणून वाढवला. जत्रेतली मोठी कुस्ती मारून मोटरसायकलवरून गावाकडे येताना तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. डॉक्टर मगदुमांनी कवटी उघडून आत साठलेलं रक्त काढलं, जीव राहिला, पण डोळे काही उघडले नाहीत. अशा पेशंटच्या नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि तिच्यातून पातळ अन्न देतात. कसलं द्यायचं, किती द्यायचं, कधी थांबायचं, हे ठरवणं माझं काम. मिरज दवाखान्यांचं गाव खरं, पण डाएटिशियन हा प्राणी तेव्हा तिथंही नवा होता. लोक मला पेजवाली बाई म्हणायचे.

“वस्ताद,” मी म्हणाले, “डोक्याला असा मार लागला ना, की माणूस नुसता पडून असला तरी आतून जळत असतो. दिवसभर तालमीत घाम गाळल्यासारखा. जळण मिळालं नाही तर शरीर स्वतःचंच मांस खातं.”

“मग जळण घाला की!”

“घालतेच आहे. पण पोट पण झोपलंय. एकदम जास्त घातलं की ते वर येतं आणि छातीत उतरतं. छातीत उतरलं की ताप, मग न्यूमोनिया. मग कसला खुराक आणि कसलं काय.”

वस्ताद विचार करत बसले. मग म्हणाले, “म्हंजे नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावायचं न्हाईत.”

“अगदी तेच.”

“मग शिकवा मला.” उठले, किटली वॉचमनच्या हातात दिली. “घे, तू पी. पोटाचा नगारा झालाय तुझा, पर पी.”

आणि खरंच शिकायला लागले. मी नर्सिंगच्या कितीतरी पोरींना नळीतून भरवायला शिकवलंय, पण असा विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही. पेशंटचं डोकं उंच ठेवायचं, आधी सिरिंज ओढून आत काय उरलंय ते बघायचं, उरलेलं जास्त असेल तर थांबायचं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरायची आणि अन्न आपलं आपण उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. हे सगळं त्या राकट हातांनी असं उचललं की सिस्टर लोंढेसुद्धा म्हणाल्या, “वस्ताद, आमच्याकडे ड्युटी लावा.”

“लावतो की. पर पगार दुधात घेणार,” ते म्हणाले.

बिरूची आई तायव्वा वॉर्डच्या भिंतीला टेकून बसलेली असायची. बारीक अंगाची, कपाळाला भंडारा, बोलणं मोजकं. तिला हे भरवणं पटायचं नाही. “जिभेला लागल्याबिगर पोटात जातंय, ते कसलं वो जेवाण?” असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. पण वस्ताद सिरिंज धरून उभे राहिले की ती गपचूप उठायची आणि पोराचे ओठ ओल्या फडक्यानं पुसायची. तेवढंच आईच्या हाताला काम.

वस्तादांनी बदामाचा हट्ट काही सोडला नाही. रोज माझ्यामागं भुणभुण. “उगाळून घालतो बाई. गंधावानी. फडक्यातनं तीनदा गाळतो.” शेवटी एक दिवस कंटाळून मी म्हटलं, बरं, चमचाभर. त्यांनी सहाण आणली, स्वैपाकघराच्या मागं उकिडवे बसून तासभर बदाम उगाळले आणि माझ्यासमोर गाळले. नळी तुंबली ती तुंबलीच. नवी घालावी लागली. सिस्टर लोंढेंनी मला आणि त्यांना एकाच वेळी झापलं आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे माना खाली घालून ऐकत राहिलो.

“बाई,” नंतर ते मला हळूच म्हणाले, “तुमी लई बारीक नळी वापरता.”

पण हसण्याचे दिवस थोडे होते. बिरूचं अंग उतरायला लागलं. मी आहार वाढवत होते, अंडी, दूध, कडधान्याचं सत्त्व, सगळं बसेल तितकं बसवत होते, तरी मांस गळतच होतं. खांदे बसले, छातीच्या फासळ्या दिसायला लागल्या. वस्ताद रोज येऊन त्याच्या मांडीवर वीत ठेवायचे.  पांघरूण नीट करायचे आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे.

दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टर मगदुमांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. “जीव वाचलाय. शुद्ध येईल असं मला वाटत नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही.”

तायव्वा जमिनीकडे बघत राहिली. वस्तादांनी मात्र फक्त पहिलं वाक्य ऐकलं. “अंग धरू द्या डॉक्टर,” ते म्हणाले, “मग बघू. आदी अंग, मग डाव.”

हे त्यांच्या तालमीचं सूत्र होतं. शेंबडं पोर तालमीत येतं, वस्ताद त्याला खाऊपिऊ घालतात, मातीत लोळवतात, अंग भरतं. अंगामागून रग येते, रगीमागून अक्कल. उभ्या आयुष्यात त्यांनी हेच बघितलं होतं आणि कधी चुकलं नव्हतं. त्यामुळे बिरूच्या मेंदूचा विचार ते करेचनात. अंग परत आणलं की पोरगा मागोमाग येणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. डॉक्टरांनी पोटाला छोटं छिद्र पाडून कायमची नळी बसवू म्हटलं, तर दोघंही नाही म्हणाले. तायव्वा म्हणाली, पोटाला भोक नको. वस्ताद म्हणाले, उद्या उठून कुस्ती खेळायची झाली तर पोटाला ठिगळ कशाला.

त्यांनी बिरूला तालमीतच नेला. आखाड्याला लागून त्यांची स्वतःची खोली होती, तिथं बाज टाकली. तायव्वाही तिथंच राहायला आली. दर महिन्याला नळी बदलायला ते जीपमधून त्याला घेऊन यायचे आणि मी नवा आहार लिहून द्यायचे.

आणि अंग आलं! खरं सांगते, मी असं पुन्हा पाहिलेलं नाही. रोजचं मालीश, हातापायांची हालचाल, वेळच्या वेळी भरवणं, कुठं पाठीला जखम नाही, कुठं ताप नाही. खांदे भरले, मांड्या भरल्या, कातडीवर तकाकी आली. जीपमधून उतरवताना वॉचमन त्याला सलाम ठोकायचा. वस्ताद पांघरूण बाजूला करून म्हणायचे, “बघा बाई. वीत पुरत न्हाई आता.”

मला अभिमान वाटायचा, लपवून काय करायचं? माझे बहुतेक पेशंट मरायचे तरी, नाहीतर हाडांचा सापळा होऊन घरी जायचे तरी. हा एकच असा होता की ज्याचे रिपोर्ट बघून मन भरावं. एकदा मी डॉक्टर मगदुमांना हाताला धरून त्याला दाखवायला घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नखावर पेन दाबलं, नाव घेऊन हाक मारली. बिरू छताकडे बघत होता. डोळे उघडे असायचे आता, पण बघणं नव्हतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “वृंदा, अंग तू परत आणलंस. ज्याचं होतं तो नाही आला.”

“वस्तादांना सांगा ना मग.”

“सांगितलं की. तीनदा सांगितलं. ते मला म्हणतात, डॉक्टर, तुमी अजून कुस्ती बघितली न्हाई.”

एका उन्हाळ्यात, नळी बदलायची वेळ नसताना जीप दारात आली. तायव्वा माझ्या खोलीत जवळजवळ पळतच आली. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“बाई, बिरूनं नळी वडली! सोताच्या हातानं! ह्या महिन्यात ही तिसरी बारी, पयल्या दोन बारीला गावातल्या डॉक्टरनं घातली. हात हलवतोय माझा ल्योक. आदी असं करत न्हवता की वो!”

मी मागं पाहिलं. वस्ताद दारात उभे होते. पटका हातात. दाढी वाढलेली. त्यांनी तायव्वाला सांगितलं, “तू जा, पोरापाशी थांब,” आणि ती गेल्यावर मला म्हणाले, “जरा भाईर येता का?”

स्वैपाकघरामागचा व्हरांडा दुपारी रिकामा असायचा. तिथं पायरीवर ते बसले. मी उभी राहिले.

“बाई, आज नळी घालू नका.”

“का? तापबीप आहे का त्याला?”

“ताप न्हाई. ठणठणीत हाय.” त्यांनी पटका मांडीवर ठेवला. “पैलवान आखाडा सोडतो न्हवं, तवा त्याचा खुराक वस्तादानं उतरवायचा असतोय. रोज थोडा थोडा. उतरवला न्हाई तर अंग सुटतं, माणूस फुगून मरतंय. लई जणांचा उतरवला मी. रडत्यात पोरं त्या वक्ताला, पैलवानकी संपली म्हणून. पर उतरवावाच लागतोय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बिरूचा उतरवायचा राहिलाय.”

मला कळायला वेळ लागला नाही. मीही पायरीवर बसले.

“वस्ताद, तुम्ही काय मागताय, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. म्हणून तुमच्याकडं आलोय, डॉक्टरकडं न्हाई.”

“पण मागच्या महिन्यात तर तुम्ही मांडी दाखवत होतात मला!”

“दाखवत हुतो. येडा हुतो.” त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं. “अंग आलं. समदं आलं. अंगामागनं पोर यायचं, ते न्हाई आलं. आलं ते हे, नळी वडायचं. त्यो नको म्हणतोय, बाई. जन्मात मला नको म्हटलं न्हाई त्यानं. थंडीत उठीवलं, उठला. ताप असताना जोर मार म्हटलं, मारलं. आता पहिल्यांदा नको म्हणतोय, आन् मी काय करतोय? हात बांधतोय त्याचं. ज्या हातांना मी पकड शिकीवली, ते हात पट्टीनं बाजेला बांधतोय! शेजारी आखाड्यात पोरं खेळत्यात, आन् हितं मी माझ्या पैलवानाचं हात बांधतोय.”

बिरूच्या मनगटांवरचे वळ मी व्हरांड्यात येताना पाहिले होते. 

“आनी एक सांगतो. कुणाला सांगितलं न्हाई, तायव्वाला बी न्हाई. त्या दिसी कुस्ती मारली तवा फेटा मीच बांधला त्याला. म्हणला, वस्ताद, हेल्मेट घालतो, फेटा पिशवीत ठेवतो. मी म्हटलं, गप. गावात शिरंपर्यंत फेटा उतरायचा न्हाई, गाव बघू दे. हेल्मेट हँडलला अडकवलं आन् गेला.” म्हातारा असा रडायला लागला की मला त्यांच्याकडे बघवेना. “शेवटपत्तूर ऐकलं त्यानं माझं. आता एक डाव मला त्याचं ऐकू द्या, बाई. तुमी शिकल्याल्या हाय. एवढंच सांगा, त्यो आपण होऊन वडतोय न्हवं?”

हो म्हणणं किती सोपं होतं! ‘हो वस्ताद, त्याला नकोय,’ एवढं म्हटलं असतं तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता. निदान त्याला कुणाचं तरी ऐकल्याचं समाधान मिळालं असतं. मी तोंड उघडलंही. पण त्यांनी मला कधी फसवलं नव्हतं आणि मला खोटं शिकवायचं नव्हतं त्यांना.

“नाही, वस्ताद,” मी म्हणाले. “तो ओढत नाही. नाकात टोचतं म्हणून हात जातो. झोपेत माशी बसली तरी आपला हात जातो, तसा. त्यात नको म्हणणं नाहीये.”

“म्हंजे जगायचं न्हाई, असं म्हणत न्हाई त्यो?”

“नाही.”

“आन् जगायचं हाय, असं?”

“तेही नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर माणसं वाचलेला माणूस, माझ्या चेहऱ्यावर काही खोट सापडते का, ते शोधत होता.

“मग मी कुणाचं ऐकू?” त्यांनी विचारलं.

 मी म्हटलं, आपण तायव्वांशी बोलू, डॉक्टरांशी बोलू, चौघं मिळून ठरवू. मी मनापासून म्हणत होते. वस्तादांनी मान हलवली.

“तायव्वापाशी बोलायचं न्हाई. बघितलं न्हाई का, कशी पळत आली? हात हलीवला म्हणून गावभर सांगत सुटलीया. दादला गेला, एकच ल्योक. तिचं तेवढंच हाय. मी कोण लागतोय तिच्या हातातनं ते काढून घ्यायला?” ते उठले, पटका बांधला, दोनदा सुटला, पुन्हा बांधला. “चला. घाला नळी.”

आत तायव्वा बिरूच्या उशाशी उभी होती. वस्तादांना बघून म्हणाली, “काय म्हणाल्या बाई?”

“काय म्हणायचंय?” वस्ताद मोठ्यानं म्हणाले. “व्हय म्हणाल्या. त्यानंच वडली. गडी जोरात हाय.”

तायव्वानं मान डोलावली आणि पदर तोंडाला लावला. सिस्टर लोंढेंनी पाकिटातून नवी नळी काढली, टोकाला जेली लावली. वस्तादांनी बिरूची दोन्ही मनगटं धरली. नळी आत सरकत असताना बिरूचे हात उसळले, चांगले जोरात उसळले, आणि वस्तादांनी ते दाबून धरले. नळी बसल्यावर सिस्टरनं हवा सोडून, पोटावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला, मान हलवली. मग वस्तादांनी खिशातून पट्टी काढली आणि एकेक हात बांधला. मी पुढच्या महिन्याचा आहार लिहून दिला. त्यात मी काहीच बदललं नव्हतं.

त्यानंतर दीड-दोन वर्षं ते येत राहिले. व्हरांड्यातला विषय पुन्हा निघाला नाही. मांडी दाखवणंही बंद झालं. मी काही बोलायला गेले की म्हणायचे, “चाललंय, बाई.” मग एकदा जीप आली नाही. पुढच्या आठवड्यात वॉचमननं सांगितलं, हिंदुराव वस्ताद गेले. सकाळी बिरूला भरवलं, सिरिंज धुतली, आखाड्याच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि तिथंच कलंडले.

महिनाभरानं तायव्वा रिक्षातून बिरूला घेऊन आली. रिक्षावाल्यानं आणि वॉचमननं मिळून त्याला उचलून आत आणलं. नळी निघालेली होती. तायव्वा थकलेली दिसत होती, पण बिरू स्वच्छ होता. केस विंचरलेले, कपाळाला भंडारा.

“कशा आहात, तायव्वा?” मी विचारलं. सिस्टर नवी नळी आणायला गेल्या होत्या.

“हाय.” ती बिरूच्या पायाकडे बसली. मग म्हणाली, “बाई, इचारू का एक? त्या उन्हाळ्यात वस्ताद तुमाला भाईर घेऊन गेलं हुतं, ध्यानात हाय? काय म्हणालं तवा?”

“का हो?”

“न्हाई, असंच.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तुमी भाईर गेला आन् मी हितं बिरोबाला हात जोडून हुभी हुते. म्हटलं, देवा, आज तरी ह्यांच्या तोंडून येऊ दे, बास म्हणून. सोडवा माझ्या लेकराला म्हणून.”

 “पण तुम्ही तर… पळत आला होतात! हात हलवला म्हणून किती आनंदात होतात!”

“मग काय करू? आई हाय मी, बाई. पहिल्या महिन्यातच कळलं मला. ह्यात माझा ल्योक न्हाई. उराशी धरलं तर कळतंय की आईला.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “पर म्हाताऱ्याचा जीव अडकला हुता त्याच्यात. पोराच्या नावानं उठायचं, पोराच्या नावानं दोन घास खायाचं. मी नको म्हटलं असतं तर त्याच दिशी गेलं असतं. बापाची माया केली त्यांनी माझ्या लेकरावर. म्हणून म्हणायची, हात हलवला, डोळं फिरवलं. तेवढं ऐकून त्यास्नी बरं वाटायचं.” तिनं बिरूच्या पायावरची माशी उडवली. “भाईरनं आलं आन् म्हणालं, गडी जोरात हाय. म्हटलं, झालं. ह्यांची आस काय सुटत न्हाई. मग भरीवत राह्यले.”

मी खिडकीकडे तोंड केलं.

“सांगा की,” ती म्हणाली. “काय म्हणालं हुतं?”

खरं सांगून तिला काय मिळालं असतं? ज्या म्हाताऱ्यासाठी तिनं इतकी वर्षं काढली, तो तिच्यासाठी काढत होता, एवढंच ना? ती वर्षं तर परत आली नसती. तो तरी समाधानानं गेला, असं तिला वाटत होतं. तेवढं एकच तिच्याजवळ उरलं होतं.

“नळी नीट बसवा म्हणाले,” मी सांगितलं. “पोरगं उठणार आहे, म्हणाले.”

“वाटलंच मला,” तायव्वा म्हणाली. मग बिरूचं पांघरूण सारखं करत, “त्ये तर गेलं. आता कुणासाठी भरवू, बाई?”

मी काही बोलायच्या आत सिस्टर लोंढे नवी नळी घेऊन आल्या. पाकीट फोडलं, टोकाला जेली लावली आणि इकडंतिकडं पाहिलं.

“आज वस्ताद नाहीत ना. कुणीतरी हात धरा त्याचे,” त्या म्हणाल्या.

तायव्वा उठली आणि तिनं धरले.